टीएमएस आणि टीडीसीएस: एक अंगठा उडवतं, दुसरं उंबरठा उतरवतं

पक्षाघातानंतर हात लुळा पडलेल्या माणसाच्या घरात कधीतरी हा प्रश्न निघतोच: "डोक्याला करंट देतात म्हणे, ते करून बघायचं का?" त्या एका 'करंट'मध्ये दोन निराळ्या गोष्टी कालवलेल्या असतात. दोन्हींत कवटी उघडत नाहीत, भूल देत नाहीत, नावंही जुळ्या भावंडांसारखी. पण टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे चुंबकाच्या ठोक्याने मेंदू चेतवणं) चेतापेशीला थेट पेटवतं आणि टीडीसीएस (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, म्हणजे डोक्यावरून सौम्य, एकाच दिशेचा प्रवाह देणं) तिला पेटण्याच्या जरा जवळ किंवा लांब नेतं. हे न कळल्यामुळे लोक नको त्या आशेवर पैसे घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

टीएमएसमध्ये तारेची कॉइल डोक्यावर धरतात. तिच्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला की दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि मिलिसेकंदाच्या आत ओसरतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वीज निर्माण होते हे फॅरडेने 1831 मध्येच दाखवलं होतं. इथे ती वीज मेंदूत निर्माण होते. कवटीवरून थेट वीज देण्याची पद्धत आधी होती, पण ती दुखायची. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी चुंबकाची वाट काढली, कारण हाड चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. हाताच्या हालचाली घडवणाऱ्या मेंदूतल्या पट्ट्यावर कॉइल नेमकी बसली की मनात नसताना अंगठा उडतो. हाताच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावले असतील तर सुमारे 20 मिलिसेकंदांनी पडद्यावर लाट उमटते. ती जितकी उंच, तितका तो मार्ग त्या घडीला तयार.

टीडीसीएसमध्ये असं काही दिसत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, 1 ते 2 मिलिअँपिअर प्रवाह, साधारण 20 मिनिटं. कातडीला मुंग्या येतात, एवढंच. बराचसा प्रवाह कातडीतूनच निघून जातो. जो आत पोचतो तो पेशीचा पेटण्याचा उंबरठा थोडा खालीवर करतो. 2000 मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या निट्शे आणि पाउलुस या संशोधकांनी दाखवलं, की धन इलेक्ट्रोड त्या पट्ट्यावर ठेवला तर हाताची लाट वाढते, ऋण ठेवला तर घटते. ती लाट त्यांनी मोजली टीएमएसने! दोघांची गल्लत होण्याचं हेही एक कारण असावं.

कल्पनेतली हालचाल घेतली की फरक आणखी उघड होतो. हात मांडीवर सैल सोडा आणि मूठ आवळल्याची मनात कल्पना करा. स्नायू गप्प असतो, पण त्याच क्षणी टीएमएसचा ठोका दिला तर लाट एरवीपेक्षा मोठी येते. स्वतःची मूठ लांबून पाहिल्यासारखी नव्हे, आतून आवळल्यासारखी कल्पना केली तर हा परिणाम जास्त दिसतो. 1995 मध्ये पास्कुआल-लिओने या मेंदू-संशोधकाच्या प्रयोगात काही जणांनी पाच दिवस, रोज दोन तास पियानोचा एक धडा बोटांनी घोकला, काहींनी फक्त मनात. बोटांचा मेंदूतला नकाशा दोन्ही गटांत पसरला. टीएमएसने तो मोजला. शिकवलं मात्र सरावानेच.

टीडीसीएस अशा सरावाच्या जोडीला देऊन पाहतात. परिणाम लहान आणि माणसागणिक वेगळे येतात. नुसते स्पंज बांधून बसल्याने हात शिकत नाही. घरी बॅटरी जोडून प्रयोग करणाऱ्यांची कातडी भाजू शकते, हेही सांगायला हवं.

टीएमएसचे ठोके ओळीने दिले तर तेही मेंदूचा कल बदलतात. अमेरिकेत 2008 पासून नैराश्यावर त्याला परवानगी आहे. क्वचित फिट (आकडी) येऊ शकते, आणि डोक्यात धातू किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर ते टाळतात.

आता त्या लुळ्या हाताकडे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हात तसूभरही हलत नसताना टीएमएसच्या ठोक्याला लाट आली, तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट पुरती तुटलेली नाही आणि हात सुधारण्याची शक्यता जास्त आहे. टीडीसीएसला हे सांगता येत नाही.