२४ तास थांबायचं हा नियम कुठून आला?

माणूस हरवला की २४ तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, हे आपल्याकडे घरोघरी पक्कं बसलंय, आणि ते बसलंय मुख्यतः सिनेमा आणि क्राईमच्या सिरीयल बघून. तिथला इन्स्पेक्टर म्हणतो, 'उद्या या', आणि आपण तेच कायदा समजतो. असा नियम आपल्या कायद्यात कुठेच नाहीये! मिसिंगची तक्रार कधीही, अगदी तासाभरातही नोंदवता येते. लहान मुलांचं तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलंय की १८ वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण किंवा तस्करी झाली असं धरून लगेच एफआयआर घ्यायचा, आणि हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर (हद्द कुणाचीही असो, त्याच ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) घ्यावाच लागतो. मला काळजी वाटते ती त्या थांबण्याची, कारण पहिले काही तासच महत्त्वाचे असतात, मोबाईलची बॅटरी संपली की लोकेशन मिळणं अवघड होतं, दुकानांच्या सीसीटीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग पुसून नवीन चढत जातं. त्यामुळे नातेवाईकांना फोन करत बसण्यात रात्र घालवू नका, ११२ लावा, मुलासाठी १०९८, ताजा फोटो घ्या, अंगावर कपडे कुठले होते ते आठवा आणि सरळ चौकी गाठा.