पीएलजीए नॅनोकण आणि ‘एन्ट्रॅपमेंट’चा घोळ

पीएलजीए म्हणजे शरीरात हळूहळू विघटणारा, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा पॉलिमर. औषध किंवा प्रथिन त्याच्या कणांत भरून देतात. त्याचं कूळ टाक्यांच्या विरघळणाऱ्या धाग्यांचं. पॉलिमरमधून प्रथिन हळूहळू झिरपवता येतं हे १९७६ मध्ये दिसलं, पण तो पॉलिमर शरीरात विघटणारा नव्हता. १९८९ मध्ये अमेरिकेत ल्युप्रोलाइड या प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या औषधाचं, पीएलजीएच्या सूक्ष्मकणांतलं, महिनाभर पुरणारं इंजेक्शन आलं. त्यातलं औषध अवघ्या ९ अमिनो आम्लांचं, मोठ्या प्रथिनांसारखी मोडायला घडी (त्रिमितीय रचना) त्याला नाहीच. वाढीचं संप्रेरक १९९९ मध्ये याच पॉलिमरच्या सूक्ष्मकणांतून आलं आणि २००४ मध्ये बाजारातून गेलं.

मराठवाड्यातल्या एम.फार्म.च्या प्रबंधांत कण बनवायला बहुधा दुहेरी इमल्शनच (पाण्याचे थेंब पॉलिमरच्या द्रावणात आणि ते द्रावण पुन्हा पाण्यात) असतं. १०० मिग्रॅ पीएलजीए २ मिली डायक्लोरोमिथेनमध्ये, त्यात ५ मिग्रॅ प्रथिनाचं ०.२ मिली द्रावण, बर्फावर ३० सेकंद अल्ट्रासाउंडचा प्रोब. मग ८ मिली पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थेंब एकत्र येऊ न देणारं; १ ते २ टक्के), पुन्हा प्रोब, ३ तास ढवळणं. डायक्लोरोमिथेन ४० अंशांला उकळतं आणि मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा त्याच्या वर असतो. एसी बंद असेल तर मोजतानाच द्रावक उडतो, पॉलिमरचं द्रावण दाट होतं, कण मोठे निघतात. ओले कण तर ३५ अंशांपुढे मऊ पडून एकमेकांना चिकटतात.

खरा घोळ ‘एन्ट्रॅपमेंट’ या शब्दाचा, म्हणजे घातलेल्या प्रथिनापैकी किती टक्के कणांत अडकलं याचा. सेंट्रिफ्यूजनंतर वरच्या पाण्यात १ मिग्रॅ प्रथिन सापडलं की उरलेलं ४ मिग्रॅ कणांत गेलं असं धरून ८० टक्के लिहितात. लहान रेणूंना ही वजाबाकी बरीचशी चालते. प्रथिन मात्र द्रावक आणि पाण्याच्या सीमेवर घडी मोडून गोळा होतं, कणांसोबत तळाशी बसतं, नळीला चिकटतं, धुण्यात जातं. हे सगळं ‘आत’ मोजलं जातं. कणाच्या पृष्ठभागावर नुसतं चिकटलेलंही त्यातच, आणि पहिल्या २४ तासांत भसकन बाहेर पडतं ते मुख्यतः हेच. शिवाय ८० टक्के एन्ट्रॅपमेंट म्हणजे लोडिंग (कणाच्या वजनातला प्रथिनाचा वाटा) जेमतेम ३.८ टक्के, गोषवाऱ्यात मात्र मोठा आकडाच येतो.

आमच्या मते वजाबाकीचा आकडा एकटा छापूच नये. धुतलेले कण ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ५ टक्के एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, एक डिटर्जंट) यांत रात्रभर विरघळवून थेट मोजावं. प्रमाणवक्रही (वाचनावरून प्रथिनाचं प्रमाण काढायचा आलेख) प्रथिन न भरलेले कण त्याच द्रावणात विरघळवून काढावा, नाहीतर पीव्हीए आणि पॉलिमरचे अवशेष वाचन बिघडवतात. यातून फक्त प्रमाण कळतं. प्रथिन जिवंत आहे का, ते कणांतून सुटलेल्या द्रावणाच्या क्रियाशीलतेवरून वेगळं तपासावं लागतं, कारण विघटताना कणाच्या आत आम्ल साचतं. ते आम्ल मारायला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळण्याचा उपाय २००० पासून माहीत आहे.