उपग्रहाला प्रश्न विचारता येत नाही

हरिश्चंद्रगडावर रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं, हे आता सगळ्या ट्रेकर मंडळींना पाठ झालंय. फक्त नकाशावर निळा ठिपका उमटायला घरी लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मग कुणी फोन आकाशाकडे धरून हलवतं, कुणी लोकेशन बंद करून पुन्हा चालू करतं. या दुसऱ्या उपायाने बहुतेक वेळा नुकसानच होतं, कारण अर्धवट ऐकलेलं पुन्हा ऐकावं लागतं.

जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ५० बिट एवढ्याच वेगाने माहिती पाठवतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम सहा इंग्रजी अक्षरं. एक पूर्ण चौकट १५०० बिटांची, ती पाठवायला ३० सेकंद. तिचे सहा-सहा सेकंदांचे पाच भाग असतात. पहिल्या तीन भागांत तो उपग्रह स्वतःचं घड्याळ आणि स्वतःची नेमकी कक्षा सांगतो. हे कळल्याशिवाय ठिपका उमटत नाही, म्हणून ते दर चौकटीत येतं. चौथ्या-पाचव्या भागांत मुख्यतः सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक असतं. ते २५ चौकटींमध्ये तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं असल्यामुळे पुरं ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. घरी ठिपका लवकर येतो, कारण हीच माहिती फोन मोबाइल नेटवर्ककडे मागून घेतो. गडावर मागायची सोय नाही. जे कानावर पडेल ते ऐकायचं आणि आपल्याला हवं ते येईपर्यंत थांबायचं.

माहिती पोहोचवण्याचे हे दोन मार्ग एसटी स्टँडवर शेजारी शेजारी दिसतात: चौकशीची खिडकी आणि भोंगा. खिडकीवर हवं ते लगेच विचारता येतं, पण गर्दी वाढली की रांगही वाढते. भोंग्याला मात्र समोर दहा माणसं आहेत की दहा हजार, याने काही फरक पडत नाही. त्याची अडचण एकच, आपल्या गाडीचं नाव कधी येईल हे त्याच्या हातात. मग त्याने काय, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने बोलावं?

हा प्रश्न मोबाइलच्या आधीचा आहे. बीबीसीची सीफॅक्स ही टेलिटेक्स्ट सेवा १९७४ ते २०१२ चालली. टीव्हीच्या लहरींमधल्या रिकाम्या ओळींतून मजकुराची पानं एकामागून एक फिरत राहायची. प्रेक्षकाने रिमोटवर पानाचा आकडा दाबायचा आणि ते पान फिरून येईपर्यंत बसून राहायचं. लोकप्रिय पानं जास्त वेळा फिरवायची हे उघडच होतं. पण किती जास्त?

एक छोटं गणित घेऊ. किनाऱ्यावरचं एक केंद्र हवामान आणि मासळीचा भाव या दोनच गोष्टी प्रसारित करतं, प्रत्येकीला दहा सेकंद. ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हवामान हवंय, एकाला भाव. आलटून-पालटून सांगितलं तर आपली बातमी सुरू होईपर्यंत प्रत्येकाला सरासरी १० सेकंद थांबावं लागतं. आता कुणीही सुचवेल तसं मागणीच्या प्रमाणात करून पाहू: नऊ वेळा हवामान, एकदा भाव. हवामानवाले खूश, त्यांची वाट ६ सेकंदांवर आली. पण भाव विचारणाऱ्याची गेली ५० सेकंदांवर. सगळ्यांची सरासरी काढली तर १०.४ सेकंद. म्हणजे काहीच अक्कल न लढवता केलं होतं त्यापेक्षाही किंचित वाईट! आता तीनदा हवामान, एकदा भाव. हवामानवाले ७.५ सेकंद, भाववाला २० सेकंद, सरासरी ८.७५. तीन हा आकडा आला नऊच्या वर्गमुळातून. मागणी नऊपट असेल तर वारंवारता तिप्पट ठेवायची, चौपट असेल तर दुप्पट. टेलिटेक्स्टच्या पानांसाठी मुस्तफा अम्मार आणि जॉन वाँग या दोघांनी १९८५ साली हा नियम मांडला. मला तो फार आवडतो, कारण साधी लोकशाही बुद्धी इथे सपशेल चुकते आणि अल्पसंख्याकांना त्यांच्या मतांपेक्षा जास्त वाटा दिला की सगळ्यांचं मिळून भलं होतं.

नुसती संख्या ठरवूनही भागत नाही, अंतरही सारखं लागतं. चार जागांपैकी दोन हवामानाला दिल्या आणि त्या लागोपाठ ठेवल्या, तर सरासरी वाट १२.५ सेकंद. मध्ये एक-एक दुसरी गोष्ट घातली तर १०. आपण ऐकायला लागतो तो क्षण लांब मोकळ्या अंतरात पडण्याची शक्यताच जास्त असते, म्हणून.

सीफॅक्सचा टीव्ही भिंतीतल्या विजेवर चालायचा. यंत्र खिशात आलं तसा दुसरा खर्च पुढे आला, बॅटरीचा. रेडिओ चालू ठेवून ऐकत राहणं महाग, तो बंद करून पडून राहणं स्वस्त. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले तोमाश इमिएलिन्स्की, एस. विश्वनाथन आणि बी. आर. बद्रिनाथ यांनी १९९४ साली या दोन वेळा वेगळ्या केल्या: माहिती हाती येईपर्यंतचा एकूण वेळ, आणि त्यातला प्रत्यक्ष जागं राहण्याचा वेळ. दुसरा कमी करायचा तर प्रसारणातच अनुक्रमणिका घालायची.

समजा प्रसारणाच्या एका फेरीत माहितीची १०,००० पाकिटं (छोटे तुकडे) आहेत आणि प्रत्येकाला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. अनुक्रमणिका नसेल तर सरासरी ५० सेकंद वाट, आणि तेवढा सगळा वेळ रेडिओ चालू. कारण हवं ते पाकीट पुढचंच असू शकतं. आता शंभर पाकिटांची अनुक्रमणिका फेरीच्या सुरुवातीला घातली आणि प्रत्येक पाकिटावर ‘पुढची अनुक्रमणिका इतक्या अंतरावर’ असा आकडा टाकला. फोन एक पाकीट ऐकतो, आकडा वाचतो, झोपतो. अनुक्रमणिकेपाशी उठतो, तिच्यातली दोनेक पाकिटं वाचतो, आपलं पाकीट कधी येणार ते कळलं की परत झोपतो, आणि वेळेवर उठून ते उचलतो. रेडिओ चालू राहिला सेकंदाचे चार-पाच शतांश. पण वाट पोहोचली १०१ सेकंदांवर! आधी अनुक्रमणिकेची वाट, मग माहितीची.

यावर उपाय म्हणजे तीच अनुक्रमणिका फेरीत अनेकदा घालणं. दहा वेळा घातली तर वाट साठ सेकंदांच्या आसपास येते आणि जागरण तेवढंच राहतं. पन्नास वेळा घातली तर वाट पुन्हा ७६ सेकंदांपुढे जाते, कारण अनुक्रमणिकाच फेरीतली जागा खायला लागते. सगळ्यात चांगला आकडा मिळतो माहितीच्या लांबीला अनुक्रमणिकेच्या लांबीने भागून त्याचं वर्गमूळ काढलं की. इथे बरोबर दहा. याच तिघांनी अनुक्रमणिकेचा फक्त वरचा भाग वारंवार सांगायचा आणि खालचा तपशील त्या-त्या माहितीच्या आधी एकदाच द्यायचा, अशी आणखी काटकसरीची रचनाही केली.

प्रसारणातच वेळापत्रक घालण्याची ही कल्पना आज प्रत्येक ४जी टॉवरमध्ये, थोड्या वेगळ्या रूपात, चालू आहे. टॉवर स्वतःविषयीची माहिती सतत प्रसारित करत असतो: मी कोण, कोणत्या कंपनीचा, माझ्याशी कसं बोलायचं, शेजारी कोण. अगदी मूळ गोष्टींचं छोटं पाकीट दर १० मिलिसेकंदांनी येतं. त्यानंतरचं महत्त्वाचं पाकीट दर २० मिलिसेकंदांनी, आणि बाकीची पाकिटं कधी येणार याचं वेळापत्रक त्यातच असतं. बाकीची ८० मिलिसेकंदांपासून पाच सेकंदांपर्यंतच्या अंतराने फिरतात. वेळापत्रकासोबत एक आकडाही असतो. तो बदलला नसेल तर फोन सगळं पुन्हा वाचायच्या भानगडीत पडत नाही. ५जीमध्ये भोंगा आणि खिडकी दोन्ही एकत्र आले: क्वचित लागणारी पाकिटं टॉवर एरवी पाठवतच नाही, एखाद्या फोनने मागितली तरच प्रसारित करतो.

पण फोन झोपलेला असताना तातडीचा इशारा आला तर? २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने चाचणी घेतली तेव्हा देशभर अनेकांचे फोन एकदम किंचाळले होते. तो संदेश नंबर शोधून पाठवलेला एसएमएस नव्हता. टॉवरने आपल्या टप्प्यातल्या सगळ्यांना एकाच वेळी सांगितलेली गोष्ट होती. निवांत पडलेला फोनही सेकंद-दीड सेकंदाने क्षणभर उठून ‘मला कुणी हाक मारतंय का’ हे पाहतो. त्या हाकेतच ‘इशारा आहे’ अशी खूण असते. ती दिसली की फोन पुढच्या फेरीची वाट न पाहता वेळापत्रक वाचतो आणि इशाऱ्याचं पाकीट गाठतो.

किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांपुढे टॉवरही संपतो. २०१७ साली ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या कित्येक बोटी देवगड बंदरात आश्रयाला आल्या, आणि अनेक बोटी कुठेच पोहोचल्या नाहीत. खोल समुद्रात गेलेल्यांपर्यंत इशारा पोहोचवायचा मार्गच नव्हता. त्यानंतर, २०१९ मध्ये, जेमिनी नावाची छोटी पेटी आली. गगन या जीपीएसला मदत करणाऱ्या भारतीय प्रणालीच्या उपग्रहांवरून येणारे वादळाचे, लाटांचे आणि मासळीच्या संभाव्य जागांचे संदेश ती पकडते आणि ब्लूटूथने तांडेलाच्या फोनवर देते. उपग्रह एकच, खाली बोटी कितीही असोत. मात्र ही पेटी फक्त ऐकते. इशारा मिळाला, किंवा आम्ही अडकलो आहोत, हे किनाऱ्याला कळवायचं तर बोटीवर वेगळं संकटसूचक यंत्र लागतं.