गड्ड्याची रील आणि वयाचं कोडं

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली की सोलापूरकरांचे मोबाइल नंदीध्वजांनी भरून जातात. नंदीध्वजांच्या सात काठ्या, पांढरी बाराबंदी, संमती कट्ट्यावरच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. प्रसंग तेच, पण व्हिडिओ कुणी काढला असेल याचा अंदाज बऱ्याचदा येतो. कॉलेजातली पोरं मोबाइल उभा धरतात, पहिल्या दोन सेकंदांतच काठीचं टोक दाखवतात आणि हलगीच्या ठोक्यावर कट मारतात. साठीतले काका मोबाइल आडवा धरून मिरवणूक सलग घेतात.

‘आजकालची पोरं जन्मजात टेक्निकल’ असं म्हणून आपण मोकळे होतो. 2001 मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने मांडलेली ‘डिजिटल नेटिव्ह’ची कल्पना याच धर्तीची. पुढच्या संशोधनात ती टिकली नाही. एकाच वयाच्या मुलांमध्येही कौशल्याची मोठी तफावत दिसली. रोज तासन्‌तास रील बघणाऱ्याला एडिटिंग येतंच असं नाही, हे तर कुठल्याही घरात दिसेल.

खरी गोम वेगळीच आहे. काका आणि पुतणीत फक्त चाळीस वर्षांचं अंतर नसतं, दोघं वाढलेला काळही वेगळा असतो. मग फरक वयाचा की काळाचा? मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये सिएटलला सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांच्या बौद्धिक क्षमता अनेक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासल्या. तेव्हा कळलं, की म्हातारपणाची घसरण म्हणून जे दिसत होतं, त्यातला बराच भाग पिढ्यांमधला फरक होता. साठीपर्यंत बहुतेक क्षमता बऱ्यापैकी टिकून असतात.

वयाने काहीच बदलत नाही असं मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग मानले: नवं कोडं झटपट सोडवणारी आणि अनुभवातून साठत जाणारी. पहिली तरुणपणीच उतरणीला लागते, दुसरी उतारवयापर्यंत वाढू शकते. नवं ॲप पुतणी लवकर शिकते, त्याचं एक कारण हे.

अनुभवातून साठणाऱ्या बुद्धीचं उदाहरण बघायचं तर व्हीएचएस टेपवर लग्नं शूट केलेला माणूस गाठावा. टेपवर मधला एक शॉट बदलायचा तर पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे आणि प्रत्येक कॉपीला चित्र फिकं पडे. म्हणून ही मंडळी कॅमेऱ्यातच कट करायला शिकली. अंतरपाट कधी दूर होणार हे त्यांना भटजींच्या आवाजावरून कळतं. कॅमेरा आधीच वधूच्या चेहऱ्यावर गेलेला असतो. पोरं मात्र शंभर क्लिप घेतात आणि नेमका तोच क्षण निसटतो, असंही होतं. त्यांना ती घाई नडते, असं माझं मत.

इन्स्टाग्रामवर रील्स भारतात आल्या 2020 च्या जुलैमध्ये. म्हणजे इन्स्टाग्रामची ही सोय सगळ्यांनाच नवी होती; काका आणि पुतणी एकाच दिवशी बालवाडीत बसले. पण पुतणीचं वय तेव्हा शिकायचंच होतं, आणि काकांच्या हाताला आडव्या चौकटीची सवय लागून गेली होती. तिची आज लागलेली उभ्या चौकटीची सवय साठीत तिला नडेल का, हे तपासायचं तर तिलाच चाळीस वर्षं गड्ड्यावर शूटिंग करू द्यावं लागेल.