मांगा कॉमिक्समधला पोरगा आणि पुरुष, चित्रात नेमका फरक कुठे पडतो

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या स्टाईलमध्ये तिशीतला माणूस काढायला बसायचं आणि कागदावर पंधरा-सोळाचा पोरगा उमटायचा, हे शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं. मग काय करतात लोक, तर त्याला दाढी चिकटवतात, दंड फुगवतात, कपाळावर दोन आठ्या टाकतात, आणि तो अजूनच गॅदरिंगला मिशी लावून उभा केलेल्या पोरासारखा दिसायला लागतो. वय मसलमध्ये नसतंच मुळी, ते डोकं, मान आणि खांदे यांच्या आपसातल्या मापात असतं.

आधी उंची, ती डोक्याच्या पटीत मोजायची, म्हणजे एकावर एक किती डोकी बसतात. पोरगा साधारण ६ ते ६.५ डोकी, पुरुष ७ ते ८ डोकी, हे माप बहुतेकांना माहीत असतं, पण करताना गडबड अशी होते की पुरुष उंच दिसावा म्हणून डोकंच बारीक करून टाकतात. दोघांना शेजारी उभं करून बघा, डोकी जवळपास सारखीच ठेवायची, पुरुषाचं अगदी किंचित मोठं चालेल, वाढतं ते खालचं शरीर आणि त्यातही पाय.

आता चेहरा, खरा खेळ इथेच आहे. दोघांसाठी एकाच मापाचं वर्तुळ काढा. पुरुषाची हनुवटी वर्तुळाच्या बरीच खाली घ्या, इतकी की केसांच्या रेषेपासून भुवई, भुवईपासून नाकाचं टोक आणि तिथून हनुवटी असे तीन भाग साधारण सारखे पडतील. पोराचा शेवटचा भाग दाबलेला असतो, हनुवटी वर सरकते, जबड्याचा कोपरा गोल होतो आणि डोळे मोठे होऊन डोक्याच्या मधोमध आडव्या जाणाऱ्या अर्ध्या रेषेच्या खाली उतरतात. पुरुषाचे डोळे त्या अर्ध्या रेषेवरच, पण उंचीला बारीक, आणि भुवई डोळ्याला जवळजवळ टेकलेली. नाक पोराला एका टिंबावर भागतं, पुरुषाला नाकाचा दांडा थोडा तरी दाखवावा लागतो.

आणि मान! माझं स्पष्ट मत आहे की निम्मं वय मानेत असतं, आणि सगळ्यात कमी लक्ष लोक तिथेच देतात. पोराची मान जबड्याच्या बरीच आत सुरू होते, सरळ खाली येते आणि खांदे जवळजवळ आडवे फुटतात. पुरुषाची मान जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत रुंद घ्या आणि मानेपासून खांद्याकडे उतार द्या, तो मागचा ट्रॅपिझियस नावाचा स्नायू. खांदे पोराचे डोक्याच्या रुंदीच्या दुप्पट, पुरुषाचे अडीच ते तीन पट. एवढं केलं की दाढी नसली तरी चालतं.

बॉडीबिल्डिंगचा संबंध नाही हे पटत नसेल तर बिशोनेन टाईपचे देखणे, सडपातळ पुरुष बघा. कंबर बारीक, हनुवटी टोकदार, मसल नावाला नाही, तरी ८ डोक्यांची उंची आणि लांबट चेहरा यामुळे ते मोठे वाटतात. उलट पिळदार दंडांचा पण बुटका, मोठ्या डोळ्यांचा हिरो पोरगाच वाटतो.

यात शोनेन (पोरांसाठीचा मांगा) आणि सेइनेन (मोठ्या पुरुषांसाठीचा मांगा) यांची भेसळ करू नका. ते वाचकांवरून पडलेले प्रकार आहेत, फिगरचे नाहीत. शुएइशा एकच प्रकाशक, त्यांचं १९६८ ला सुरू झालेलं शोनेन जंप हे मांगा नियतकालिक मुलांसाठी, १९७९ चं यंग जंप मोठ्यांसाठी, पण शोनेनमध्येही मास्तर, बाप, व्हिलन असतातच की आणि ते पुरुषाच्याच मापाने काढावे लागतात.

चेक करायचं असेल तर चेहऱ्यावर बोट ठेवून झाका आणि फक्त मान-खांदे बघा, तरीही वय कळत नसेल तर डोळ्यांशी खेळत बसू नका, मान खोडून परत काढा.