अल्हांब्राचे सिंह तास मोजत नव्हते

स्पेनमधील ग्रानाडा शहरावरच्या अल्हांब्रा या टेकडीवरील किल्ल्यातले बारा संगमरवरी सिंहांचे कारंजे म्हणजे जलघड्याळ होते, दर तासाला एकेक सिंह पाणी सोडत असे आणि 1492 नंतर, मुस्लिम सुलतानांकडून ग्रानाडा जिंकलेल्या नव्या ख्रिस्ती सत्ताधीशांनी ते उघडून पाहताच कायमचे बंद पडले, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे.

अशी समजूत होणे स्वाभाविक आहे, कारण सिंह बाराच आहेत आणि हे कारंजे ज्या शतकात उभारले गेले त्याच 14व्या शतकात मोरोक्कोतील फेज शहरात खरोखरच एक जलघड्याळ उभारले गेले होते. मात्र सिंहांच्या पाठीवरील बारा बाजूंच्या पात्राच्या कडेवर कोरलेली अरबी कविता आजही वाचता येते, तिची भाषांतरेही उपलब्ध आहेत, आणि तीत वेळेचा उल्लेखही नाही. वितळलेल्या चांदीसारखे पाणी आणि संगमरवर यांत वाहते नेमके कोणते, हेच कळेनासे होते, असे कवी म्हणतो. तासांचे यंत्र असते, तर सुलतानाची स्तुती करणाऱ्या कवीने ते खचितच वगळले नसते.

दुसरा पुरावा पाण्याच्या वाटेचा. दार्रो नदीचे पाणी सुमारे सहा किलोमीटरच्या पाटाने, केवळ उताराच्या बळावर टेकडीवर येई आणि महाल, हमाम, बागा यांना पुरवले जाई. कारंज्यातही तोच दाब वापरलेला होता. पात्रात जितके पाणी येई तितकेच बाहेर जाऊन पातळी स्थिर राही आणि बाराही मुखांतून एकदमच धारा पडत. पुढे पात्रावर दुसरे पात्र चढवले गेले, ते 20व्या शतकात उतरवले. पण सिंहांच्या मुखांतून आजही पाणी वाहते.