डिपेंडंट केअर क्रेडिट आणि कंपनीचे डिपेंडंट केअर खाते (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय प्राप्तिकरात नोकरदार आईबापांना मुलांच्या सांभाळाच्या खर्चावर दोन वाटांनी सवलत मिळते. पहिली वाट ‘चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट’ची; क्रेडिट म्हणजे भरायच्या करातूनच थेट वजा होणारी रक्कम. कर संहितेच्या कलम २१ खालचे हे क्रेडिट वर्ष संपल्यावर फॉर्म २४४१ भरून टॅक्स रिटर्नमध्ये मागायचे असते. दुसरी वाट कलम १२९ खालच्या, कंपनीमार्फत उघडायच्या ‘डिपेंडंट केअर एफएसए’ (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट) या खात्याची. यात पगारातली ठरावीक रक्कम कर लागण्याआधीच बाजूला पडते आणि डे केअरच्या पावत्या दाखवून परत घेता येते. एकाच वर्षी दोन्ही वापरायला कायद्याची मनाई नाही, पण एका डॉलरवर दोनदा सवलत मिळत नाही. २०२६ पासून मर्यादा अशा बदलल्या आहेत की खाते पूर्ण भरणाऱ्या कुटुंबाला क्रेडिट उरतच नाही. ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ (२०२५ पासून मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत) ही तिसरीच गोष्ट. नावामुळे तिची पहिलीशी गल्लत होते, पण तिला डे केअरच्या पावतीशी काही देणेघेणे नाही.

सांभाळाचा खर्च हा कमाईसाठीचा खर्च आहे की घरगुती, हा वाद जुना आहे. दाई ठेवल्याशिवाय बायकोला नोकरी करता येत नाही, म्हणून दाईचा पगार व्यवसायखर्च धरावा, असे एका जोडप्याचे म्हणणे होते. १९३९ मध्ये ‘बोर्ड ऑफ टॅक्स अपील्स’ या करविषयक वाद ऐकणाऱ्या मंडळाने ते फेटाळले आणि मुले सांभाळणे ही कुटुंबाची खासगी बाब ठरवली. १९५४ च्या संहितेत प्रथमच ६०० डॉलरपर्यंतची वजावट आली, १९७६ मध्ये तिच्या जागी क्रेडिट आले आणि १९८१ च्या कायद्याने कंपनीमार्फत करमुक्त साहाय्याची सोय केली. १९८६ मध्ये या साहाय्याला ५,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. महागाईशी न जोडलेला हा आकडा २०२१ चे एक वर्ष सोडले, तर २०२५ पर्यंत जागचा हलला नाही. दरम्यान डे केअरची फी कुठल्या कुठे गेली, हे मूल वाढवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

दोन्ही सवलतींच्या अटी बऱ्याच अंशी सारख्या आहेत. मूल १३ वर्षांखालचे हवे. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा जोडीदार किंवा अवलंबित व्यक्तीही चालते. खर्च नोकरी करता यावी म्हणून केलेला असावा. डे केअर, प्रीस्कूल, शाळेआधीची आणि नंतरची देखरेख, उन्हाळ्यातला दिवसाचा कॅम्प हे सारे बसते. मुक्कामी कॅम्प बसत नाही, किंडरगार्टन आणि पुढच्या शाळेची फीही नाही. रविवारच्या मराठी शाळेची फी अर्थातच नाही. सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी किंवा कर ओळख क्रमांक रिटर्नमध्ये द्यावा लागतो. रोखीने पैसे घेणाऱ्या बेबीसिटरचे घोडे नेमके इथेच अडते. विवाहित जोडप्याने क्रेडिटसाठी साधारणपणे संयुक्त रिटर्न भरणे आवश्यक असते, आणि दोघांपैकी ज्याची कमाई कमी, तिच्यापेक्षा जास्त खर्च धरला जात नाही.

क्रेडिटसाठी एका मुलामागे ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांमागे ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात आणि त्याची ठरावीक टक्केवारी करातून वजा होते. कर शून्यावर आला की उरलेले क्रेडिट वाया जाते, रोख हातात येत नाही. खात्यात टाकलेल्या पैशावर प्राप्तिकरही लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा ७.६५ टक्क्यांचा वाटाही वाचतो.

दोन्ही एकत्र घेताना खात्यातून करमुक्त मिळालेली रक्कम ३,००० किंवा ६,००० च्या मर्यादेतून वजा करतात, प्रत्यक्ष खर्चातून नव्हे. ‘डे केअरला वीस हजार गेले, पाच हजार खात्यातून आले, मग उरलेल्या पंधरा हजारांवर क्रेडिट’ असा हिशेब अनेक जण करतात, आणि तो चुकीचा आहे. २०२५ पर्यंत एका मुलाच्या घरात ५,००० चे खाते भरले की ३,००० ची मर्यादा तिथेच संपे. दोन मुले असतील तर १,००० डॉलर उरत आणि त्यावर, उत्पन्न ४३,००० डॉलरच्या वर असेल तर, २० टक्क्यांनी २०० डॉलर मिळत. ‘दोन्ही घ्या’ या सल्ल्यामागचा सगळा फायदा तेवढाच होता. अपवाद २०२१ चा. त्या एका वर्षासाठी क्रेडिटची खर्चमर्यादा ८,००० आणि १६,०००, तर खात्याची १०,५०० झाली होती. तेव्हा दोन मुलांच्या घरात खाते भरूनही ५,५०० डॉलर क्रेडिटसाठी उरत.

२०२५ च्या कायद्याने २०२६ पासून खात्याची मर्यादा ७,५०० केली (विवाहित असून वेगळे रिटर्न भरणाऱ्यांना ३,७५०), पण क्रेडिटची खर्चमर्यादा ६,००० वरच ठेवली. साडेसात हजार भरले की सहा हजारांची मर्यादा पूर्ण संपते आणि क्रेडिटसाठी काही उरत नाही. दुसरीकडे क्रेडिटचे दर वाढले. पूर्वी ४३,००० डॉलरच्या वर समायोजित उत्पन्न असलेल्या सगळ्यांना २० टक्केच मिळत. आता सर्वांत वरचा दर ५० टक्के आहे, संयुक्त रिटर्नमध्ये दीड लाख डॉलरपर्यंत तो ३५ च्या खाली जात नाही, आणि २,०६,००० च्या वर गेल्यावर तो २० वर येतो. म्हणून ‘दोन्ही कसे घ्यावे’ यापेक्षा ‘कोणते घ्यावे’ हा प्रश्न मोठा झाला आहे.

दोन मुले आणि १ लाख डॉलर उत्पन्न असलेले जोडपे २०२६ मध्ये प्राप्तिकराच्या १२ टक्क्यांच्या टप्प्यात येते. पूर्ण खात्यातून त्यांचे ७,५०० वर १९.६५ टक्के (१२ अधिक ७.६५), म्हणजे सुमारे १,४७४ डॉलर वाचतात. खाते न उघडता क्रेडिट घेतले तर ६,००० चे ३५ टक्के, २,१०० डॉलर. इथे खात्यात टाकलेला पहिला डॉलरही तोट्याचा. उत्पन्न १,४५,००० असेल तर टप्पा २२ टक्क्यांचा होतो, खात्याची बचत सुमारे २,२२४ वर जाते आणि क्रेडिट २,१०० वरच राहते. तराजू जेमतेम खात्याकडे झुकतो. पण एकच मूल असेल तर क्रेडिट १,०५० च्या वर जात नाही आणि तिथे खातेच सरस. हे आकडे राज्याचा कर सोडून आहेत.

भारतातून गेलेल्या कुटुंबांना, आणि त्यात मराठी घरे पुष्कळ, काही अटी जास्त टोचतात. एच-४ व्हिसावरच्या (म्हणजे एच-१बी नोकरदारासोबत आलेल्या) जोडीदाराला कामाचा परवाना नसेल तर त्याची कमाई शून्य, आणि शून्य कमाईवर दोन्ही सवलती शून्य. तो जोडीदार पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर शिक्षणाच्या प्रत्येक महिन्याला एका मुलासाठी २५० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ५०० डॉलर कमाई मानली जाते. नातवंडे सांभाळायला आलेली आजी व्हिजिटर व्हिसावर असते. ती फुकट सांभाळते तेव्हा खर्चच होत नाही, आणि पैसे घेऊन काम करण्याची त्या व्हिसावर मुभा नाही. मूल वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ आईबापांच्या घरी राहायला हवे, त्यामुळे वर्षभर पुण्यात आजोळी ठेवलेल्या मुलाचे पाळणाघर यात धरता येत नाही.

खात्याची रक्कम बहुतेक कंपन्यांत शरद ऋतूतल्या ओपन एन्रोलमेंटमध्येच, म्हणजे पुढच्या वर्षाच्या सोयी निवडण्याच्या मुदतीतच, ठरवावी लागते. मूल जन्मले, डे केअर बदलले किंवा त्याची फी बदलली, अशा कारणांनीच ती मध्ये बदलता येते. आरोग्याच्या एफएसएसारखी सगळी रक्कम पहिल्या दिवशी हाती येत नाही. पगारातून जितके जमले तितकेच परत मिळते. न वापरलेले पैसे पुढच्या वर्षी नेता येत नाहीत. काही योजना अडीच महिन्यांची सवड देतात, तीही सरली की पैसे गेले. मर्यादा मुलागणिक किंवा पालकागणिक नसून कुटुंबाची आहे: नवरा-बायको दोघांनी आपापल्या कंपनीत पूर्ण खाते उघडले, तर जादा रक्कम करपात्र ठरते. कंपनीमार्फत खात्यात गेलेली रक्कम डब्ल्यू-२ च्या (कंपनी देते त्या वार्षिक पगारपत्रकाच्या) १० क्रमांकाच्या चौकटीत येते. तिथे आकडा असेल तर क्रेडिट मागायचे नसले तरी फॉर्म २४४१ भरावा लागतो. तो राहून गेला की कर खात्याचे पत्र येऊ शकते.

राज्यांचे नियम निराळे. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत या खात्यातली रक्कम राज्याच्या करासाठी पगारातच धरली जाते, त्यामुळे तिथल्या डब्ल्यू-२ वर राज्याचा पगार संघीय पगारापेक्षा जास्त दिसतो.